आरोपीच्या रकान्यातलं नाव

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. आळंदहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कडगंची फाट्याच्या थोडं अलीकडे, एक पांढरी मोटार आणि एक निळी स्कूटी यांची धडक झाली. स्कूटीवर शैलश्री होती. वय बावीस, विद्यापीठात एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. डोक्यात हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता. साडेनऊच्या आत ती गेली.

तिचे वडील अमृतप्पा आळंदच्या बाजारात बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. आपल्या धाकट्या भावाच्या, प्रभुलिंगच्या, पिकअपमधून ते रस्त्यालगतच्या खाजगी दवाखान्यात पोचले, तेव्हा डॉक्टर दाराबाहेरच उभे होते. डॉक्टर बाहेर उभे दिसले, तिथेच अमृतप्पांना आतलं सगळं कळलं.

"आता सरकारी दवाखान्यात न्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पोस्टमार्टेम व्हायला पाहिजे. मी चिठ्ठी देतो."

"कापनार तिला?"

"अप्पा, आजकाल सगळेच करतात. तुमच्यातलेही करतात. कागदाला लागतं."

"कागद कुनाला पायजे? पोरगी गेली माझी."

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. अमृतप्पांनी ती न वाचता खिशात घातली.

दवाखान्याच्या पायरीवर राजशेखर बसला होता. त्याच बाजारात त्याचं कापडाचं दुकान, अमृतप्पांच्या दुकानापासून चार दुकानं सोडून. मोटार त्याची होती. शैलश्रीला उचलून मागच्या सीटवर घालून दवाखान्यात त्यानंच आणलं होतं; शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत भिजली होती. अमृतप्पांना पाहताच तो उठला आणि त्यांच्या पायाशी कोसळला.

"अण्णा, माझ्या हातून झालं."

दवाखान्याच्या दारात तेव्हा आठ-दहा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. अमृतप्पांनी खाली वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. का ठेवला, हे पुढं त्यांना खूपदा विचारलं गेलं. "रडत होता की वो तो," एवढंच ते सांगत.

शैलश्री जन्मली त्याच आठवड्यात, लिंगायतांच्या रीतीनं, तिच्या अंगावर लिंग बांधलं होतं. बावीस वर्षं तिनं ते गळ्यात वागवलं. अशा देहाला अमृतप्पांच्या घरात कुणी कधी सुरी लावू दिली नव्हती. देह अखंड द्यायचा. न्हाऊ घालायचं, कपाळभर विभूती लावायची, मांडी घालून बसवायचं, डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं, आणि सूर्य असेपर्यंत मातीला सोपवायचं. त्या दिवशी तसंच झालं. शेतात, आजोबांच्या शेजारी, तुरीच्या चार ओळी उपटून जागा केली. पावणेपाचला तिला खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवलं. मीठ आणि विभूती घातली. गावच्या अय्यांनी, म्हणजे जंगमांनी, मंत्र म्हटले. राजशेखर आला होता. बांधावर चपला काढून, शर्ट बदलून आला होता. त्यानंही बेलाचं पान वाहिलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून एक हवालदार आला. दारात सतरंजी होती, माणसं बसली होती. त्यानं हळू आवाजात विचारलं, कुणावर तक्रार आहे का. प्रभुलिंग म्हणाला, "कशाची तक्रार? आपल्यातलाच मानूस हाय." हवालदारानं कानडीत चार ओळी लिहिल्या, अमृतप्पांनी खाली सही केली. सुतकात भांडण उभं करत नाहीत, हा त्या चार ओळींमागं सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांचाच विचार होता.

त्याच दुपारी गुरुबाई, शैलश्रीची आई, मागच्या अंगणात गेली आणि किंचाळत परत आली. स्कूटी तिथं उभी होती. कुणीतरी आणून ठेवली होती. मागची नंबरपट्टी आत दुमडलेली, मागचा दिवा फुटलेला. हँडलला हेल्मेट अडकवलेलं, त्यालाही मागच्या बाजूनं तडा.

"न्या ती," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यासमोर नक्को. आत्ताच्या आत्ता न्या."

प्रभुलिंगनं ती पिकअपमध्ये टाकली आणि भंगारवाल्याकडे सोडून आला. हेल्मेटसकट.

अपघातानंतर अकरा दिवसांनी, शनिवारी, तोच हवालदार पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात नोटीस होती. गुन्ह्यातलं वाहन ठाण्यात हजर करा, असं तिच्यात म्हटलं होतं. सोबत गुन्ह्याच्या कागदाची प्रत होती. अमृतप्पा चौथीपर्यंत मराठीत शिकलेले, पुढं कानडीत; दोन्ही वाचतात, पण सावकाश. प्रभुलिंगनं वाचायला घेतलं आणि मध्येच थांबला.

"काय झालं? वाच की."

"अण्णा, हे आरोपीच्या जागी..."

"राजशेखरचं नाव हाय. मग?"

"न्हाई. शैलाचं हाय."

तक्रार राजशेखरनं दिली होती. स्कूटीवाल्या मुलीनं बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून न बघता, कानाला फोन लावून, एकदम गाडी समोर घातली. मी ब्रेक दाबला तरी धडक टळली नाही. मुलगी जखमी आहे, एवढंच पुढं होतं. गेली असं कुठं लिहिलं नव्हतं. तक्रार ठाण्यात पोचल्याची वेळ नोंदलेली होती. ११ नोव्हेंबर, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे बेलाचं पान वाहायच्या तीन तास आधी.

अमृतप्पा तसेच उठले आणि बाजारात गेले. राजशेखर दुकानात साडीची घडी घालत होता. गिऱ्हाईक नव्हतं.

"तू म्हनलास ना मला, माझ्या हातून झालं म्हनून?"

"म्हनलो, अण्णा."

"मग हे काय हाय?"

राजशेखरनं कागद पाहिला नाही. "अंगावर पडलं की मानूस म्हनतोच की तसं. मला तरी काय म्हाईत, कुनाच्या हातून झालं? माझा मेव्हना म्हनला, पहिले ठान्यात जा. ज्याची तक्रार पहिली, त्याची बाजू. फोटो काढ म्हनला, काढलो. विम्याला फोन कर म्हनला, केलो. मला बी दोन लेकरं हायत, अण्णा."

"माझं एकच होतं."

राजशेखर घडी घालत राहिला. ती साडी त्यानं दोनदा उलगडली आणि दोनदा घातली. अमृतप्पा निघाले तेव्हा तो मागून म्हणाला, "तिला काय शिक्षा व्हायलीय का आता? मेल्यावर केस बंदच होते. नुसता कागद हाय तो."

सोमवारी अमृतप्पा कलबुर्गीला गेले. शाळेत त्यांना गणित शिकवणाऱ्या रामाचार्य मास्तरांची मुलगी हर्षिता तिथं वकिली करते. अपघाताचे दावे हेच तिचं मुख्य काम. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पेन उघडलं.

"स्कूटी कुठाय?"

"भंगारात दिलो."

"हेल्मेट?"

"त्याच्यासंगंच."

"अंगावरचे कपडे?"

"न्हाऊ घातल्यावर जाळले. तशीच रीत हाय."

"कुणी एक तरी फोटो काढला? प्रभुकाकांनी?"

प्रभुलिंग शेजारीच बसला होता. "मेलेल्या लेकराच्या गाडीचा फोटो काढतेत का, ताई?"

"त्यानं चौदा काढले, काका." तिनं तक्रारीवर बोट ठेवलं. "स्वतःच लिहिलंय, चौदा फोटो काढले म्हणून. जोडलेत चार. चारही पुढून. एकातही स्कूटीची मागची बाजू दिसत नाही." तिनं पान उलटलं. "तुमची तक्रार नाही असं तुम्ही सही करून दिलंय. ते म्हणतील, तेव्हा बापालाही संशय नव्हता. काका, जे त्या दिवशी तुम्ही करायचं, ते सगळं त्यानं केलं. एकसुद्धा चुकवलं नाही."

"मला पैसे नकोत, हर्षिता."

"दावा सहा महिन्यांत करावा लागतो. तो आपण करू. पण ते वेगळं."

"मला तिचं नाव तिथून काढून पायजे. एवढंच." अमृतप्पांनी टेबलावरच्या कागदावर हात पालथा ठेवला, रकाना झाकला जाईल असा. "ती फोनवर बोलत गाडी चालवनारी न्हवती. आमच्या गल्लीत वळताना बी हात दाखवत होती. म्हशीला हात दाखवायची ती."

प्रभुलिंग हसला, आणि हसता हसता त्याला बाहेर जावं लागलं.

फोनचा प्रश्न हर्षितानं कंपनीच्या नोंदी मागवून सोडवता येईल असं सांगितलं. धडक मागून बसली की बाजूनं, हा खरा प्रश्न होता. भंगारवाल्याकडे दोघे भाऊ त्याच संध्याकाळी गेले. स्कूटीचं इंजिन मिळालं. बाकी पत्रा दाबून हैदराबादच्या गाडीत गेला होता.

मग अमृतप्पा एकटेच फाट्यावर गेले. तिथं मल्लेश्वरीचं चहा-भज्यांचं दुकान आहे, अपघाताच्या जागेपासून पन्नास पावलांवर. तिनं त्यांना बसायला डबा पालथा घालून दिला.

"अक्का, तू बघितलीस का?"

"खोटं बोलू का खरं बोलू, अप्पा?"

"खरं."

"मिरच्या सोडायले होते तेलात. आवाज ऐकले. मान वळवून बघूस्तोर सगळं झालं होतं. पोरगी रस्त्यावर, गाडी तिरपी." तिनं झारा तेलात तसाच धरला होता. "मागून मारला म्हना म्हनत असाल तर म्हनते. कोर्टात बी म्हनते. पन बघितले न्हाई मी."

"नक्को," अमृतप्पा म्हणाले. "न बघितलेलं म्हनू नकोस."

भजी बांधून दिलेली त्यांनी घेतली नाहीत. चहाचे दहा रुपये ठेवले, तिनं ते त्यांच्या खिशात परत कोंबले.

हर्षितानं तेव्हा शेवटचा मार्ग सांगितला. तो तिनं आधीच सांगितला असता, पण बाकीचे संपेपर्यंत थांबली होती. देह जाळलेला नाही, पुरलेला आहे. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमानं माती उघडता येते. डॉक्टर तिथंच तपासतात. मार कुठल्या बाजूनं बसला, हे हाडं महिन्यानंतरही सांगू शकतात.

"म्हनजे मी कापू दिलो न्हाई," अमृतप्पा म्हणाले, "तेच आता मीच अर्ज लिहून मागायचं."

"हो, काका."

"माझ्या सहीनं."

"हो."

घरी त्यांनी हे बोलायला तीन दिवस लावले. गुरुबाईनं ऐकलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बसवलंय तिला," ती म्हणाली. "झोपवलं न्हाई. तुमीच सांगितलाव ना अय्यांना, पाठ भिंतीला लागू द्या, थकंल म्हनून? आता उठवनार व्हय?"

"तिच्यावर आळ हाय गुरू. सरकारी कागदात हाय."

"कोन वाचायलंय तो कागद? मी वाचू का? तिची मैत्रीन वाचंल का? तुमाला वाचायला येते म्हनून तुमाला बोचायलंय."

"तुला न्हाई बोचत?"

"मला ती गाडी बोचायलीय," गुरुबाई म्हणाली. "मीच न्या म्हनले. ती असती तर हे कशाला आलं असतं? माझ्या तोंडानं घालवले मी. आता तुमी मातीतून काडून आनून माझी चूक निस्तरायलाव."

तिनं सूप पुन्हा ओढलं. निवडलेली ज्वारी आणि न निवडलेली एकत्र झाली होती.

अमृतप्पा अय्यांकडे गेले. अय्या म्हातारे आहेत, गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी माती दिली आहे.

"काडायचा हुकूम सरकारचा असंल तर मी अडवत न्हाई. पन अमृतप्पा, परत ठेवायचा मंत्र माझ्याकडं न्हाई. लिंगैक्य एकदाच होते. दुसऱ्यांदा मी काय म्हनू?"

"काहीच म्हनू नका. नुसते या."

"येऊन उभा राहायला बी मला कळायला पायजे ना, कशासाठी उभा हाव."

अमृतप्पांनी अर्जावर सही केली. अर्ज ३ डिसेंबरला दिला गेला, हुकूम १५ डिसेंबरला निघाला, आणि गुरुवारी, १८ डिसेंबरला सकाळी आठ वाजता तहसीलदार, पोलीस, दोन पंच आणि कलबुर्गीहून आलेले डॉक्टर शेतात पोचले. तूर काढणीला आली होती. कापडाचा पडदा बांधायला चार बांबू रोवले, त्यात शेंगा भरलेली पंधरा-वीस झाडं गेली. तहसीलदारांनी नुकसानीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. अमृतप्पांना ते ऐकूच गेलं नाही.

बांधावर सकाळपासून माणसं जमली होती. अय्या आले नव्हते. गुरुबाई आली नव्हती. राजशेखरला हजर राहण्याची नोटीस होती. त्याचा वकील आला होता, तो आपल्या बुटाला लागलेला चिखल काडीनं काढत होता.

पडद्याआड बापाला येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ओळख पटवण्यापुरतं आत घेतलं. अमृतप्पांनी पाहिलं. पाठ भिंतीला तशीच टेकलेली होती. मान मात्र पुढं आली होती.

"हीच," ते म्हणाले.

पंचनामा लिहिणाऱ्या कारकुनानं विचारलं, "हातात वस्तू आहे. काय लिहू?"

"दगड, कपड्यात गुंडाळलेला," दुसरा पंच म्हणाला. तो परगावचा होता.

"दगड न्हाई तो," अमृतप्पा म्हणाले. "इष्टलिंग लिहा."

कारकुनानं खोडून इष्टलिंग लिहिलं. ते मुद्देमालात जमा करायचं का, यावर थोडी चर्चा झाली. हर्षिता पुढं झाली आणि गरज नाही म्हणाली, तहसीलदारांनी मान हलवली, आणि ते अमृतप्पांच्या हातात देण्यात आलं. दोन तास ते मुठीत धरून बांधावर बसले. प्रभुलिंगनं पाणी आणलं, तर डाव्या हातानं प्यायले. उजवी मूठ उघडली नाही.

सव्वाअकराला डॉक्टर बाहेर आले. हातमोजे काढत त्यांनी हर्षिताशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, मग अमृतप्पांकडे पाहून मराठीवर आले. "मानेच्या मणक्यांना मार आहे. डाव्या पायाच्या नळीचं हाड मोडलंय. मागून की बाजूनं, ते मी आत्ता उभ्या उभ्या सांगणार नाही. नमुने प्रयोगशाळेत जातील. तोवर माझं मत राखून ठेवतोय. तसं लिहिलंय."

"मनात काय येतंय तुमच्या, डॉक्टरसाहेब? कागदाचं सोडा."

"माझ्या मनाला किंमत नाही, अप्पा."

मग तिला परत ठेवायचं होतं. शिपायांनी उतरवायला मदत केली. बसवायचा प्रयत्न दोनदा झाला. देह आता बसत नव्हता. तिसऱ्यांदा अमृतप्पा स्वतः खड्ड्यात उतरले. सोवळं, धोतर, काही नाही, दुकानात घालतात त्याच पँटीवर. त्यांनी तिला आडवं केलं. झोपवलं. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, तळहात मिटेना. त्यांनी खिशातला रुमाल काढून हाताला गुंडाळला आणि गाठ मारली. मंत्र म्हणायला कुणी नव्हतं. वर उभ्या असलेल्या प्रभुलिंगला काहीतरी म्हणावंसं वाटलं. त्याच्या तोंडातून निघालं, "अण्णा, वर या आता, ऊन व्हायलंय."

घरी गुरुबाईनं पाणी तापवून ठेवलं होतं. त्यांनी आंघोळ केली. तिनं विचारलं, "बसली का नीट?"

"बसली," अमृतप्पा म्हणाले.

न बघितलेलं म्हणायला त्यांनी मल्लेश्वरीला मनाई केली होती. हे तर त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. गुरुबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग वाढायला उठली. त्यानंतर या विषयावर दोघं बोललेली नाहीत.

जानेवारीत फोन कंपनीच्या नोंदी आल्या. ११ नोव्हेंबरला सकाळी आठ बावन्ननंतर शैलश्रीच्या नंबरवरून एकही फोन गेला नव्हता किंवा घेतला गेला नव्हता. हर्षितानं त्या नोंदी अर्जासोबत ठाण्यात दिल्या. फोन नव्हता म्हणजे कच्च्या रस्त्यावरून आली नाही असं सिद्ध होत नाही, असं राजशेखरच्या वकिलानं उत्तरात म्हटलं. चौदांपैकी उरलेले दहा फोटो सादर करण्याची नोटीस राजशेखरला १९ जानेवारीला बजावण्यात आली. फोन डिसेंबरमध्ये बदलला, जुना दुकानदाराला दिला, फोटो आता नाहीत, असं त्यानं लेखी कळवलं. जुना फोन शोधून जप्त करावा, असा अर्ज हर्षितानं केला आहे.

सोमवारी, २ फेब्रुवारीला, अमृतप्पा दुकान उघडायच्या आधी ठाण्यात जाऊन आले. तपास करणारे फौजदार बदलून गेले आहेत, नवे अजून हजर झालेले नाहीत. प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नाही. जप्तीच्या अर्जावर तारीख पडलेली नाही. हवालदारानं फाईल उघडून दाखवली. पहिल्या पानावर आरोपीच्या रकान्यात एकच नाव आहे.